टाकीतला गंज चालायला लागला

बायको गेल्यावर चार महिन्यांनी आमच्या माशांच्या टाकीला गंज चढला. निदान मला तरी तो गंजच वाटला. मी शहराच्या पाणीखात्यात बत्तीस वर्षं पाईप फिटर होतो. शिक्षण सातवीपर्यंत, तेही शेवटच्या वर्षी मास्तरांनी ढकलून पास केलं म्हणून. पण गंज मला कळतो. जमिनीत सहा फूट खाली पाईप गंजला असला तरी मी वर लोखंडी सळई टेकवून, तिला कान लावून सांगायचो, इथे खणा. त्यामुळे टाकीच्या काचेवर तांबूस ठिपके दिसले तेव्हा मी कोणाला विचारायच्या भानगडीत पडलो नाही.

ही टाकी मुलाची. सॉफ्टवेअरवाल्यांना नोकऱ्या धडाधड मिळत होत्या आणि कोठी बाजाराच्या गल्ल्यांतसुद्धा परदेशी माल उघड्यावर विकायला यायला लागला होता, त्या दिवसांतली. त्याने पहिल्या मोठ्या पगारात चार फुटी काचेची टाकी आणली. गोड्या पाण्याची नव्हे, समुद्राची. हैदराबादेला समुद्र नाही हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, मीठ बाहेरून येतं, पाकिटात. पाण्यात कालवायचं, झाला समुद्र." वर निळे दिवे, आत दोन मासे, एक निळा, एक नारिंगी, खाली खडक, खडकांवर पोवळी. पोवळं म्हणजे अंगठीतला खडा एवढंच मला ठाऊक. हे जिवंत असतं, मऊ असतं आणि हलतं हे पाहून मी चाटच पडलो.

वर्षभरात कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवलं. जाताना म्हणाला, दोनच महिने सांभाळा. त्याला चार वर्षं झाली.

बायको सुरुवातीला टाकीला नावं ठेवायची. शाकाहारी घरात मासळीबाजार मांडलाय म्हणायची. मग माशांना काय खायला लागतं ते कळलं तेव्हा दोन दिवस स्वयंपाकघरात माझ्याशी बोलली नाही, जसं काही कोळंबी मीच मागवली होती. तिसऱ्या दिवशी तिने गोठवलेल्या कोळंबीचा डबा फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला आणि त्यावर चिठ्ठी चिकटवली, 'औषध'. ही चिठ्ठी तिच्या धाकट्या बहिणीसाठी होती. माझी मेहुणी जामबागेत राहते, आठवड्यातून दोनदा येते, आणि आल्यावर आधी फ्रीज उघडते.

पुढे बायकोला टाकीचा नाद लागला. उन्हाळ्यात वीज गेली की पाणी तापतं, पोवळी मरतात. ही बाटल्यांत पाणी भरून बर्फ करून ठेवायची आणि वीज गेली की त्या बंद बाटल्या टाकीत सोडायची. मी घामाने निथळत असायचो. मी म्हणायचो, एक बाटली इकडे दे. ती म्हणायची, "तुम्हाला बोलता येतं, पाय आहेत, गच्चीवर जा." नवा खडक आणला की आधी त्याला बादलीत गोड्या पाण्याची आंघोळ. स्मशानातून आल्यासारखी. मी हसायचो. त्या आंघोळीला अर्थ होता हे मला नंतर कळलं.

टाकीत एक पोवळं होतं, फिकट गुलाबी, त्याला लहान लहान हात होते आणि ते सारखे मुठी उघडायचे, मिटायचे. दिवसभर. तिला ते फार आवडायचं. दुपारी भाजी निवडायला ती त्याच्यासमोरच बसायची.

ती गेली तीन दिवसांच्या तापात. तिला जायचंय हे कोणालाच कळलं नाही, तिला तर अजिबात नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून तिने मला टाकीचा पंखा लावायला घरी पाठवलं होतं. मुलगा आला. दहाव्याला कावळा शिवेना. मुलगा म्हणाला, आई, मी बाबांकडे लक्ष देईन. मेहुणी म्हणाली, अक्का, मी येत जाईन. कावळ्याचा पत्ता नाही. गुरुजी घड्याळ पाहायला लागले. मी मनात म्हटलं, तुझं ते मुठीवालं पोवळं मी जगवतो. आता तरी ये. तरी नाही आला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो शिवला. गुरुजींचं म्हणणं, हैदराबादेत कावळेच कमी झालेत. मला वाटतं, सगळे आमच्या मलकपेठच्या रेसकोर्सवर घोड्यांचा दाणा खायला गेले असतील. काही का असेना, शब्द मी दिला होता. तो दर्भाच्या कावळ्याने ऐकला असला तरी शब्दच.

चौदाव्या दिवशी मुलगा परत गेला. जाताना म्हणाला, "बाबा, टाकी झेपत नसेल तर माझा ऑफिसातला एक मित्र घेऊन जाईल. त्याला हौस आहे."

"झेपते," मी म्हटलं.

आणि मग गंज.

मी पाणी फिरवायचा पंप उघडला. त्यात लोखंड सापडेना. दिव्याची पट्टी काढली, घासली. झाकणाचे स्क्रू बदलले. ठिपके वाढतच गेले. काचेवर होते, ते खडकावर आले, खडकावरून वाळूवर. एका सकाळी मी चहाचा कप घेऊन काचेला नाक लावून बसलो होतो. एका ठिपक्यावर नजर ठेवली. तो ठिपका माझ्या डोळ्यांसमोर बोटभर सरकला.

बत्तीस वर्षांत मी चालणारा गंज पाहिला नव्हता.

पेपर वाचायचं भिंग आणलं. तिळाएवढा जीव, तांबूस, कागदाच्या कपट्यासारखा चपट, मागे दोन टोकं फुटलेली. काचेवरून असा घसरत होता की त्याला पाय नाहीत, घाई नाही, आणि घर त्याच्या बापाचं. असे शेकडो. मग मी मुठीवालं पोवळं पाहिलं. त्याच्या देठावर ते दाटीने बसले होते, लग्नाच्या पंगतीत बसतात तसे. मुठी मिटलेल्या होत्या. उघडत नव्हत्या.

कोठीच्या मागच्या गल्लीत माशांचं दुकान आहे. दुकानदार मियाँ माझ्याहून दहा वर्षांनी लहान, दाढीला मेंदी. बायकोशी त्याचं जमायचं; ती त्याला सांगून सांगून भाव पाडायची आणि तो तिला 'आपा' म्हणायचा. मी बाटलीत भरून ते जीव नेले आणि काउंटरवर ठेवले.

"मियाँ, ये गंज चलरा," मी म्हटलं.

त्याने बाटली उजेडात धरली. "चाचा, ये जंग नै. कीडा है, चपटा कीडा. पिछले महिने जो पत्थर ले गए, उसको मीठे पानी में डुबाए थे?"

"नै."

"आपा तो हर पत्थर डुबाते थे."

"आपा थी तब थी."

त्याने बाटली खाली ठेवली. मग म्हणाला, "एक-दो पत्थर पे आए होंगे, मेरी गलती. पर ये लाख कैसे हुए? ये गंदगी पे पलते. खाना कित्ता डालते आप?"

"जितना वो डालती थी. चिमटीभर."

हे खोटं होतं.

तेराव्यानंतर मी स्वयंपाक करायला लागलो. वरण-भात, एखादी भाजी. जेवायला बसायच्या आधी तिचा वाटा काढून ठेवायचा, गेलेल्या माणसाचा काढतात तसा. तो कावळ्याला द्यायचा. पण आमच्या गॅलरीला कबुतरांसाठी जाळी ठोकलेली, तीही बायकोनेच लावून घेतली होती. कावळा येणार कुठून? जाळीबाहेर हात काढून वाटा ठेवला तर कबुतरांनी खाल्ला. कबुतरं तिला आयुष्यभर आवडली नाहीत. तिचा घास त्यांनी खायचा हे मला पटेना. मग मी तो घास टाकीत सोडायला लागलो. तिचे मासे, तिचा घास. वरण-भात, वर तुपाची धार नको म्हणून फक्त थेंब. दोन वेळा. सणाला पुरणाचा तुकडा. नारिंगी मासा भाताचं शीत तोंडात घ्यायचा आणि थुंकायचा, लहान मूल कारलं थुंकतं तसं. मला वाटायचं, सवय होईल.

हे मियाँला कसं सांगायचं? त्याने मला सांगितलं, नळीने ओढून काढा जितके निघतील तितके, रोज, आणि खाना कम. मी हौ म्हटलं आणि घरी आलो.

नळीने ओढणं म्हणजे माझं कामच. पातळ नळी घ्यायची, एक टोक टाकीत, दुसरं तोंडात, ओढायचं, पाणी आलं की बादलीत सोडायचं. बादलीवर जुन्या धोतराचं फडकं बांधलं, म्हणजे किडे फडक्यात आणि पाणी खाली. पाणीखात्यात असं मी हजार वेळा केलंय. फरक एवढाच, तिथे काय ओढतोय ते कळत नसे. इथे नळी पारदर्शक. तांबूस ठिपक्यांची रांग नळीतून माझ्याकडे येताना मला दिसली. तोंड काढेपर्यंत उशीर झाला.

मेहुणी नेमकी दारात उभी. जामबागेच्या शाळेत सदतीस वर्षं मुलींना शिस्त लावून निवृत्त झालेली बाई. तिने चपला काढायच्या आधी विचारलं, "काय गिळलंत?"

"काही नाही. मीठपाणी."

तिने फडक्यावर पाहिलं, भिंग उचललं, पुन्हा पाहिलं. "भाऊजी, अक्काचं वर्ष सरलं नाही आणि तुम्ही मांसाहार केलात!"

"अगं, चुकून गेलं."

"किती?"

"मी काय मोजायला बसलो होतो?"

"थुंका. गुळण्या करा. आणि गोमूत्र कुठाय घरात?"

"टाकीचं पाणी त्याहून वाईट आहे, ते प्यायलोय, पुरे."

ती सोफ्यावर बसली आणि पदराने वारा घ्यायला लागली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "भाऊजी, तुम्ही यांना मारू नका. वर्षाच्या आत जीव मारत नाहीत. आणि दहाव्याला कावळा शिवला नव्हता हे विसरू नका. अक्काचा जीव या टाकीत अडकला होता. कुणी सांगावं."

"तुझी अक्का अळी झाली म्हणतेस?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तुझी अक्का पाहुण्यांच्या समोर पायपुसणं झटकणारी बाई. ती पोवळ्यावर बसून घाण करील? आणि झालीच असेल तर एकच होईल ना. हे हजार आहेत. बाकीचे कोण? तुमच्या माहेरचे?"

ती चहा न घेता गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, माझ्यासाठी तोंडाने ओढायला न लागणारी, मधे रबरी फुगा असलेली नळी घेऊन. कोठीत कुठेतरी शोधून आणली होती. ही बाई अशीच आहे.

पंधरा दिवस मी सकाळ-संध्याकाळ किडे काढत होतो. शंभर काढले की दोनशे दिसायचे. मुठीवाल्या पोवळ्याचा रंग उडाला. मुलाचा रविवारी फोन आला. त्याला मेहुणीने सगळं कळवलं होतं.

"बाबा, तो माझा मित्र पुढच्या महिन्यात येऊन टाकी घेऊन जाईल. तुम्ही उगाच हैराण होताय."

"त्याला सांग, थांब जरा."

"बाबा, ते पोवळं मरणारच आहे. मी इंटरनेटवर वाचलंय."

"इंटरनेटने माझी टाकी पाहिलीय का?" मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग मला वाईट वाटलं, कारण परदेशातला फोन त्याच्या पैशाने होता आणि मी अर्ध्यातच ठेवला.

मग मियाँ स्वतः घरी आला. दुकान बंद ठेवून, शुक्रवारची नमाज झाल्यावर, पांढऱ्या कपड्यांत. मी म्हटलं कपडे खराब होतील, तो म्हणाला आपाचा तलाव आहे. त्याने बाह्या वर केल्या, टाकीचा कोपरा न् कोपरा पाहिला. मग मोठ्या खडकामागे बॅटरी मारली, चिमटा आत घातला आणि काहीतरी बाहेर काढलं. तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरलं.

"चाचा, ये क्या है?"

मी पाहिलं. "असेल काहीतरी."

"चाचा, ये भात है."

चहा टाकायला गेलेली मेहुणी स्वयंपाकघरातून आली. मियाँने पुन्हा चिमटा घातला. आणखी भात निघाला. मग तुरीच्या डाळीचा लगदा. मग एक पिवळा, फुगलेला तुकडा, तो हुंगून म्हणाला, "और ये?"

मेहुणीने ओळखलं. "पुरणपोळी," ती म्हणाली. "भाऊजी!"

मी खुर्चीवर बसलो. सांगून टाकलं. तेराव्यापासूनचं सगळं. सांगताना माझ्याच कानांना मी वेडा वाटायला लागलो. मियाँ ऐकत होता, चिमट्यात पुरण तसंच. मला वाटलं हसेल. त्याच्या दाढीत काहीतरी हललं खरं, पण तो हसला नाही.

"चाचा, मेरे वालिद गुजरे तो मेरी अम्मी सालभर उनके हुक्के में तमाखू भरती थी. कोई नै पीता था. घर में धुआँ नै, कुछ नै, सिरफ तमाखू सूखता था. उससे किसी का नुकसान नै हुआ." त्याने चिमटा बशीत ठेवला. "इससे हो रा. आपा का खाना ये कीडे खा रे. जब तक ये बंद नै, दवा डालके कुछ फायदा नै."

"दवा आहे?"

"है. पर मेरे पास नै. बकरों के डॉक्टर के पास है."

मग त्याने मला तीन गोष्टी तीन-तीनदा सांगितल्या. आधी जमतील तितके किडे ओढून काढायचे, कारण मेल्यावर ते विष सोडतात. जितके आत मरतील तितकं विष जास्त. दुसरं, औषध घालायच्या आधी नवं खारं पाणी कालवून तयार ठेवायचं, किडे मेले की लगेच पाणी बदलायचं. तिसरी गोष्ट त्याने मेहुणीकडे पाहून सांगितली: भात बंद.

जनावरांच्या औषधांचं दुकान मोठं होतं. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "कित्ते बकरे?"

"बकरे नै."

"गाय?"

"मछली."

त्याने लिहायचं थांबवलं. "मछली के पेट में कीडे हैं?"

"पेट में नै. बाहर हैं. घूमते रहते."

"तो दवा मछली को काइकू पिलाते? कीडों को पिलाओ."

"वही करने का है. कीडे पानी में हैं. पानी में डालने का."

त्याने पेन कानामागे खोचलं. "चाचा, पानी का वजन बताओ. हमारे यहाँ वजन पे देते." मी टाकीचं माप सांगितलं. पाण्याचा हिशोब मला झोपेतही येतो. त्याने बाटली दिली. तिच्यावर मेंढीचं चित्र होतं. मियाँने मला थेंब किती ते चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी मी दुकानदाराला दाखवली नाही. त्याने ती मेंढ्यांच्या हिशोबात वाचली असती.

तीन दिवस मी पाणी गाळत होतो. गाळायच्या यंत्रातून पाणी थेंबथेंब येतं. ज्याने चार-चार फुटी पाईपातून शहर धुतलं, तो पेन्शनीत थेंब मोजत बसला. तीन ड्रम भरले. मीठ कालवलं. खारटपणा मोजायची काचेची नळी आहे, पण मी बायकोच्या पद्धतीनेही पाहिलं, बोट बुडवून जिभेला. तिचं माप होतं, आमटीहून खारट, लोणच्याहून कमी. नळीचं आणि तिचं माप जुळलं.

ठरल्या दिवशी सकाळीच मेहुणी आली, स्वतःचा डबा घेऊन. म्हणाली, "मी कोणाला मारणार नाही. फक्त भांडं धरीन."

आधी नळीने जितके निघाले तितके काढले, दोन फडकी भरली. मग औषध. पिचकारीने थेंब मोजून सोडले. काही झालं नाही. मेहुणी म्हणाली, "मेंढीचं औषध मेंढीलाच लागू पडायचं." तेवढ्यात काचेवरचा एक किडा मुरडला. मग दुसरा. मग सगळ्या टाकीभर ते सुटायला लागले, पाण्यात राख उडावी तसे. मी चहाची गाळणी घेतली. मेहुणीने दुसरी घेतली. दहा मिनिटांत भांडं धरणारी बाई बाह्या वर करून, "राम राम, तो बघा कोपऱ्यात, सोडू नका त्याला, राम राम," असं म्हणत माझ्यापेक्षा दुप्पट किडे गाळत होती. सदतीस वर्षं वर्गात मागच्या बाकावर कोण चिंगम खातंय ते पाहिलेले डोळे. एक सुटला नाही.

मग पाण्याचा रंग फिरला. निळा मासा वाळूवर आडवा झाला. नारिंगी मासा कोपऱ्यात तोंड वर करून उभा राहिला.

"भाऊजी, पाणी!"

एवढ्या वर्षांनी मला माझं काम मिळालं. गॅलरीच्या पन्हाळीला मी आदल्या दिवशीच जाड पाईप जोडून ठेवला होता, एक टोक टाकीत. तोटी फिरवली, अर्धी टाकी पाच मिनिटांत रिकामी. दुसऱ्या हाताने ड्रममधलं नवं पाणी आत. फक्त पन्हाळ कुठे सुटते ते मी पाहिलं नव्हतं. ती खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या रेशमी साडीवर सुटत होती. खालून तेलुगूत जे ऐकू आलं त्यातलं 'पिच्चोडा', म्हणजे येड्या, एवढं मला कळलं. मेहुणीने गॅलरीच्या जाळीला तोंड लावून स्वच्छ तेलुगूत उत्तर दिलं. मला अजून तिने काय उत्तर दिलं ते सांगितलेलं नाही, पण ती साडी संध्याकाळी आमच्याच घरी धुवायला आली आणि ती मी धुतली.

निळा मासा गेला. मी त्याला गच्चीवरच्या कुंडीत पुरला. नारिंगी वाचला. मुठीवाल्या पोवळ्याचे तीन झुबके होते. दोन संध्याकाळपर्यंत विरघळून चिकट झाले, ते काढून टाकावे लागले. तिसरा तेवढा उभा होता, बोटाएवढा, मुठी घट्ट.

दुसऱ्या दिवशी खरं अवघड काम आलं. दुपारी मी पान वाढलं. सवयीने तिचा वाटा काढला. तो हातात घेऊन टाकीपाशी गेलो. नारिंगी मासा धावत काचेपाशी आला. त्या हरामखोराने आजवर एक शीत गिळलं नव्हतं, सगळं थुंकलं होतं, आणि आता भुकेला असल्यासारखा तोंड उघडून उभा. मी किती वेळ तिथे उभा राहिलो ते सांगत नाही. हातातला भात गार झाला, वरण बोटांतून गळायला लागलं. तिला म्हटलं, तुला पाहिजे ते पोवळं का तुला पाहिजे तो भात? दोन्ही जमत नाही. ती काही बोलली नाही. जिवंत असती तर बोलली असती. म्हणाली असती, एवढं विचारायला पाच महिने लागले?

परत ताटावर येऊन मी तो घास खाल्ला. गिळताना त्रास झाला. दुसऱ्या दिवशी कमी. तिसऱ्या दिवशी वाटा काढलाच नाही, आणि दुपारभर घरात चुकल्यासारखं वाटत राहिलं.

पोवळं नऊ दिवस मिटलेलं होतं. मेहुणी रोज फोन करायची. "उघडलं?" "नाही." ठेवून द्यायची. दहाव्या दिवशी सकाळी मी दिवा लावला. एक मूठ उघडली. एकच. मिटली. मी श्वास धरून बसलो. पुन्हा उघडली, आणि तिच्या शेजारची. मी फोन लावला. म्हटलं, "दोन." मेहुणी म्हणाली, "थांबा, मी येते," आणि रिक्षा करून आली, आणि आम्ही दोघं म्हातारी माणसं काचेसमोर खुर्च्या टाकून बसलो, थिएटरात बसल्यासारखी. तिने येताना पेढे आणले होते. एक टाकीकडे नेलाच तिने. मी हात धरला.

रविवारी मुलाचा फोन. मी म्हटलं, "मित्राला सांग, टाकी द्यायची नाही."

"मावशी म्हणाली. बाबा, तुम्ही आईचं जेवण टाकीत घालत होता?"

"घालत होतो. बंद केलं."

"म्हणजे रोज दोघांचा स्वयंपाक करत होता?"

"मग काय? एकट्याची आमटी होत नाही. पातेल्याचा तळही झाकत नाही."

मी फोन ठेवला नाही या वेळी. मग तो म्हणाला, "बाबा, लहान पातेलं घ्या."

चार वर्षं अमेरिकेत राहून कामाचं बोललेलं पहिलं वाक्य. दुसऱ्या दिवशी कोठीला गेलो. भांडेवाला म्हणाला, जोडी घ्या, आत एक बाहेर एक, बसतात. म्हटलं एकच. तो म्हणाला, एकट्याचं कोण विकतं? म्हटलं, तू. घासाघीस करून एकच आणलं. त्यात पहिली आमटी केली तर मिठाचा हात जुनाच पडला, दोघांचा. तोंडात घालवेना इतकी खारट. टाकीत खपली असती. नाही घातली. पाणी वाढवून, दोन वेळा बसून संपवली.